पाऊलवाट : वलावाच्या पांढऱ्या कातळातले काळे पट्टे



मागच्या अंकात लहान मुलांना घेऊन जाण्याजोग्या एक दिवसाच्या वाटांबद्दल लिहिले होते. ते वाचून दोन-तीन घरांतून फोन आले. मुले आता मोठी झाली, तीन-चार दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडावे अशी एखादी जागा सांगा, असे सगळ्यांचे म्हणणे. म्हणून या खेपेला ऑरेगनच्या ईशान्य कोपऱ्यातली वलावा पर्वतरांग. इंग्रजी नाव वाचून आम्हीही आधी 'वालोवा' म्हणत होतो. तिकडची माणसे 'वलावा' म्हणतात.

देखावा सुंदर आहे, तळी निळीशार आहेत, हे सांगण्यासाठी हे सदर नको. फोटो सगळीकडे आहेत. आम्ही ही रांग सुचवतो आहोत ती आणखी एका कारणासाठी. आपण सह्याद्रीच्या आसपासची माणसे. काळ्या कातळावरून किल्ले चढलो, काळ्या कातळात कोरलेली लेणी पाहिली, काळ्या पाट्यावर वाटलेल्या चटण्या खाल्ल्या. पण तो काळा दगड मुळात वर आला कोणत्या वाटेने, हे सह्याद्रीत हिंडणाऱ्याला सहसा दिसत नाही. वलावामध्ये तशाच काळ्या दगडाची वर येण्याची वाट उघडी पडली आहे. चार दिवस चालले की ती अगदी हात लावून पाहता येते.

जाताना

आम्ही दोन घरची सहा माणसे होतो. चार मोठी, आणि हायस्कूलमधली एक मुलगी व एक मुलगा. पोर्टलंडहून आय-८४ ने ला ग्रँड, तिथून ८२ नंबरच्या रस्त्याने लॉस्टीन गाव. त्याच रस्त्याने पुढे जोसेफ गावापर्यंत गेले तर पोर्टलंडहून सुमारे ३३० मैल होतात. सकाळी निघाले तर जेवण धरून संध्याकाळच्या आत पोचता येते.

पहिला तासभर कोलंबिया नदीची घळ लागते. मल्टनोमा धबधबा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहुण्यांना दाखवला आहे. पुढच्या वेळी ६२० फुटांच्या पाण्याबरोबर त्यामागचा कडाही पाहा. एकावर एक थर, थरांच्या मध्ये पायरी, पुन्हा उभा कडा. माळशेज घाट डोळ्यांपुढे येतो, आणि ते उगाच नव्हे. दोन्हीकडे दगड एकच, बेसाल्ट, आणि तो तयार होण्याची रीतही एकच.

ज्वालामुखी म्हटला की आपल्याला माउंट हूडसारखा शंकू आठवतो. इथे तसे झाले नाही. सुमारे १ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला मैलोन्मैल लांब भेगा पडू लागल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुरासारखा पसरला. एक थर गार झाला की त्यावर दुसरा. ऑरेगन, वॉशिंग्टन आणि आयडाहो मिळून सुमारे २ लाख १० हजार चौरस किलोमीटर जमीन त्याखाली गेली. काही लोंढे तीनशे मैलांहून जास्त वाहत जाऊन पॅसिफिकला मिळाले. कॅनन बीचवरच्या ज्या हेस्टॅक रॉकपुढे आपल्या निम्म्या मंडळाने फोटो काढले आहेत, तो याच लाव्हाचा तुकडा.

दख्खनचा पसारा याच्या दुपटीहून मोठा. आज उरलेला बेसाल्टच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे, आणि त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. तिथलेही काही लोंढे पश्चिम घाटाकडून थेट राजमहेंद्रीपर्यंत गेले असे मानतात. म्हणजे कोलंबियाचा बेसाल्ट हा सह्याद्रीचा धाकटा भाऊ. वयाने चौपट लहान, पण तोंडवळा तोच.

हे सगळे गाडी चालवता चालवता सांगून झाले. तेव्हा मागच्या सीटवरून मुलाने विचारले, "पण मग त्या भेगा कुठे आहेत?" प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर द्यायलाच तर निघालो होतो.

चढण

लॉस्टीन गावातून नदीच्या काठाने सुमारे १८ मैलांचा रस्ता टू पॅन नावाच्या जागी संपतो. पुढचा थोडा रस्ता कच्चा आहे, जरा सांभाळून. टू पॅन साधारण ५,६०० फुटांवर आहे आणि तिथून ईस्ट फोर्क लॉस्टीन नदीच्या वाटेने मिरर लेक सव्वासात मैलांच्या आसपास. चढण दोन हजार फुटांची. आम्ही ती दोन दिवसांत विभागली. कारण आमच्यातल्या एकांनी प्रेशर कुकर घेतला होता. त्यावर पहिल्या मैलात थोडी चेष्टा झाली. तिसऱ्या मैलात कुकर आळीपाळीने वाहायचा ठरला आणि मग चेष्टा थांबली.

पहिले दोन-तीन मैल दाट झाडी. मग एकदम माळ उघडतो. मधून संथ वळणे घेत जाणारी नदी, दोन्ही बाजूंना पांढुरके कडे, आणि समोर खोऱ्याच्या टोकाला ईगल कॅप हे शिखर. खोऱ्याचा आकार बघा. आपल्याकडच्या नदीने कापलेल्या दऱ्या तळाशी अरुंद असतात. ही दरी तळाशी रुंद आणि कडेला उभी, परातीसारखी. हे बर्फाचे काम. हिमयुगात या रांगेतून हिमनद्या सरकत खाली आल्या आणि जाताना दरीचा तळ खरवडत गेल्या. वाटेत काही कातळ असे गुळगुळीत की वाटावे घासूनपुसून ठेवले आहेत. त्यांवर समांतर ओरखडे दिसतात. बर्फात अडकलेल्या दगडांनी ते ओढले आहेत.

हा पांढुरका दगड ग्रॅनाइटच्या जातीचा. तो जमिनीखाली खोल, हळूहळू गार झाला, म्हणून त्यातले कण साखरेच्या दाण्यांसारखे सुटे दिसतात. वय सुमारे १२ ते १४ कोटी वर्षे. सह्याद्रीत वाढलेल्या पायांना त्याची थोडी सवय करावी लागते. दगड खरखरीत, पकड छान, पण उन्हात त्याकडे बघवत नाही. गडद चष्मे विसरू नका.

काळे पट्टे

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या पांढऱ्या कड्यावर मुलीला पहिला पट्टा दिसला. कड्याच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत उभी, तपकिरी-काळी रेघ. भिंतीला तडा जावा आणि कुणी तो काळ्या सिमेंटने भरावा तशी. मग नजर बसली आणि एकामागून एक दिसू लागल्या. काही हातभर रुंद, काही खोलीएवढ्या. याच त्या भेगा. खालून लाव्हा यांतून वर चढला, माथ्यावरून बाहेर पडून पसरला, आणि शेवटी वाटेतच जो राहिला तो भेगेत थिजला. भूशास्त्रात याला डाइक म्हणतात. या मुलखात अशा हजारो डाइक आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून चीफ जोसेफ डाइक स्वार्म असे नाव दिले आहे.

एका पट्ट्यापाशी वाट अगदी जवळून गेली. आम्ही सॅक खाली ठेवून तासभर तिथेच बसलो. एक हात पांढऱ्या दगडावर, एक काळ्यावर. काळा भाग आडव्या तुकड्यांत फुटलेला होता, जळाऊ लाकडे रचल्यासारखा. याचेही कारण आहे. लाव्हा गार होताना आक्रसतो आणि त्याचे खांब पडतात; खांब नेहमी गार पृष्ठभागाशी काटकोनात. जमिनीवर पसरलेल्या थरात ते उभे असतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे खांब माहीत आहेत. इथे भेगेच्या दोन्ही भिंती उभ्या, म्हणून खांब आडवे. दगड गार झाला तेव्हा गारवा कोणत्या बाजूने आला, हे एवढ्यावरून कळते.

या लॉस्टीन खोऱ्यातच मॅक्सवेल लेक नावाचे तळे आहे. त्याच्याजवळच्या डाइकचा संशोधकांनी बारकाईने अभ्यास केला आहे. तिथे लाव्हाच्या उष्णतेने शेजारचा पांढरा दगडही काठावर वितळला होता. केवढा भाग वितळला त्यावरून त्यांनी हिशेब मांडला, की त्या भेगेतून लाव्हा तीन-चार वर्षे सतत वर येत असावा. धाकट्याचे गणित लगेच सुरू झाले. म्हणजे नववीत असताना सुरू झाला तर बारावीपर्यंत!

आता सह्याद्रीकडे वळू. तिथेही अशा भेगा असणारच, आणि आहेतही. नंदुरबार-धुळ्याकडे तापीच्या खोऱ्यात डाइकचे सरळ, भिंतीसारखे लांबच लांब डोंगर दिसतात. पण काळ्यात काळे, त्यामुळे माहीत नसेल तर ओळखू येत नाही. आणि थरांच्या खाली काय आहे ते तर झाकलेलेच आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतले तेव्हा सुमारे ३३८ मीटरवर काळा दगड संपला आणि खाली ग्रॅनाइटच्या कुळातला, अतिप्राचीन खडक लागला. कोयनेला १९६७ च्या भूकंपाच्या जागी पुढे खोल बोअर घेतले, तिथे हेच व्हायला ९०० मीटरहून जास्त जावे लागले. म्हणजे रायगड-राजगडाच्या पोटाखालीही फिकट दगड आहे, आणि त्यातून काळ्या वाटा वर आलेल्या असणार. तिथे तो पाहायला यंत्र लावून जमीन पोखरावी लागते. वलावामध्ये डोंगर नंतर वर उचलला गेला, पाण्याने आणि बर्फाने वरचे बरेचसे थर खरवडून नेले, आणि तळघर उघडे पडले. आपल्या घराचे नसले तरी त्याच नकाशावर बांधलेल्या घराचे.

माथा

मिरर लेक सुमारे ७,६०० फुटांवर आहे. तिथून ईगल कॅपचा माथा ९,५७२ फूट. आम्ही तंबू ठोकून, जेवून, दुपारी एक वाजता निघालो. ही आमची चूक. ऑगस्टचे स्वच्छ आकाश पाहून सगळे खूष होते. वरच्या खिंडीच्या थोडे पुढे गेलो तोवर पश्चिमेला ढग चढले आणि पहिला गडगडाट ऐकू आला. माथा समोर दिसत होता, अर्ध्या तासाचा प्रश्न होता. मुले म्हणाली, पळत जाऊ. मोठ्यांतल्या दोघांनाही तसेच वाटत होते. पण कुकरवाल्या वहिनी जागच्या हलेनात. "डोंगर कुठे जात नाही, चला खाली," एवढेच म्हणाल्या आणि वळल्या. झाडीत पोचेपर्यंत गारा सुरू झाल्या आणि आम्ही जिथे उभे होतो त्या धारेवर वीज चमकली. त्या संध्याकाळी कुकरचे वजन कुणी काढले नाही. सातसाडेसात हजार फुटांवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते, साध्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. त्या रात्रीचे गरम वरण आम्ही सहाही जण विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघून आठच्या आधी माथ्यावर होतो. उघड्या शिखरावर जायचे तर सकाळी, दुपारी नाही. हे आपल्या सगळ्यांना माहीत असते, तरी लिहून ठेवतो.

माथ्यावरून सगळी रांग एका नजरेत येते. पायाखाली पांढुरका ग्रॅनाइट, त्यात काळे पट्टे, खाली तळीच तळी. आणि उत्तरेला मॅटरहॉर्न, ९,८२६ फूट, पांढराशुभ्र. तो ग्रॅनाइट नव्हे, संगमरवर आहे. म्हणजे मुळात समुद्रातला चुनखडक, खालच्या उष्णतेने भाजून निघालेला. वीस कोटी वर्षांहून जुना. तेव्हा ही जमीन अमेरिकेत नव्हतीच. पॅसिफिकमध्ये ज्वालामुखी बेटांची माळ होती, त्यांच्या कडेला उथळ समुद्रात प्रवाळ आणि शिंपले साचत होते. खंडाचा किनारा तेव्हा आजच्या आयडाहोच्या सीमेपाशी होता. ती बेटे सरकत सरकत येऊन त्या किनाऱ्याला चिकटली. मग खालून ग्रॅनाइट आला, मग फार उशिरा काळा लाव्हा, आणि सगळ्यांत शेवटी बर्फ.

"म्हणजे हा डोंगरही इमिग्रंटच!" आमच्यातले एक काका म्हणाले. "समुद्रापलीकडून आला आणि इथलाच झाला. ह्याला ग्रीन कार्ड कोणी दिलं?" सगळे हसलो. उतरताना पूर्ण वाटभर तो विनोद पुरला.

जोसेफ

परतताना जोसेफ गावाकडून गेलो, वलावा लेक पाहायला. तो चुकवू नका. खोऱ्यातून खाली आलेल्या हिमनदीने दोन्ही कडांना आणि तोंडाशी दगडमातीचे बांध घातले आणि मध्ये पाणी साठले. पूर्वेचा बांध पाण्यापासून सुमारे नऊशे फूट उंच, धरणाच्या भिंतीसारखा सरळ. ज्यांचे गुडघे चालीला तयार नाहीत त्यांच्यासाठी तळ्याकाठून माउंट हॉवर्डवर केबल कार जाते, आठ हजार फुटांच्या वर.

तळ्याच्या तोंडाशी एक लहान कबरस्तान आहे. तिथे थोरल्या जोसेफची समाधी आहे. हे खोरे नेझ पर्स लोकांचे. ते स्वतःला निमीपू म्हणवतात. १८५५ च्या तहात वलावा त्यांच्याकडेच ठेवले होते. सोने सापडल्यावर १८६३ चा दुसरा तह झाला आणि त्यात हे खोरे काढून घेतले. थोरल्या जोसेफने त्यावर सही केली नाही. तो १८७१ मध्ये गेला. १८७७ मध्ये त्याच्या मुलाला, धाकट्या जोसेफला, जनरल हॉवर्डने हुकूम दिला की तीस दिवसांत माणसे आणि गुरे घेऊन निघा. वितळत्या बर्फाने फुगलेली स्नेक नदी बायकामुलांसकट ओलांडून ते निघाले. त्यातून युद्ध पेटले. अकराशे मैलांहून जास्त वाट तुडवल्यावर ५ ऑक्टोबर १८७७ ला माँटानात, कॅनडाच्या सीमेपासून चाळीसेक मैलांवर, जोसेफने शस्त्र ठेवले. त्याला पुन्हा इथे राहायला मिळाले नाही. १९०४ मध्ये तो वॉशिंग्टनमधल्या कोलव्हिल रिझर्वेशनवर वारला. डाइकच्या झुंडीला नाव जोसेफचे, आणि वर जायची केबल कार ज्या डोंगरावर जाते त्याला नाव हॉवर्डचे.

हे फलकावर वाचत उभे असताना काकांनी सवयीने पुन्हा ग्रीन कार्डचा विनोद सुरू केला. मुलगी हळूच म्हणाली, "काका, त्यांना तीस दिवस दिले होते."

कोणी काही बोलले नाही. वहिनींचे माहेरचे मूळ गाव कोयनेच्या शिवसागरात गेलेले आहे. गाव सोडताना आजीने दारातला पाटा बरोबर घेतला होता, एवढी एकच गोष्ट त्यांनी सांगितली. मग आम्ही थोडा वेळ तिथे बसलो.

आमचे म्हणणे इतकेच, की दगडांचे येणे आणि माणसांचे येणे सारखे नसते. बेटे येऊन चिकटली तेव्हा कोणाला उठवावे लागले नाही. आपण इथे आलो, घरे केली, मुले वाढवली. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ज्या डोंगरात आपण हौसेने हिंडतो तो कोणाकडून सुटला, हे मुलांना खडकांच्या नावांइतकेच पाठ असावे. थोडे चांगलेही घडते आहे. २०२० मध्ये पूर्वेच्या बांधाची सुमारे १,८०० एकर जमीन घरबांधणीपासून वाचवण्यासाठी काउंटीने विकत घेतली. आणि जोसेफ गावालगतची सुमारे दीडशे एकर जमीन निमीपूंनी स्वतः विकत घेतली. २०२१ च्या उन्हाळ्यात ते मिरवणुकीने तिच्यावर परतले.

जाणाऱ्यांसाठी

ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य सर्वांत बरा. जुलैपर्यंत वर बर्फ असते आणि मग डास. वणव्यांचा धूर कधीही येऊ शकतो, निघण्यापूर्वी चौकशी करा. हा भाग ईगल कॅप विल्डरनेसमध्ये येतो. परमिट वाटेच्या तोंडाशी स्वतःच भरायचे असते, गाडीसाठी नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो. लेक्स बेसिनमध्ये सहापेक्षा मोठा गट चालत नाही, तळ्याला लागून तंबू आणि शेकोटी करू नये. नियम बदलतात, ताजे पाहून घ्या. खाणे अस्वलांपासून दूर टांगायचे. भाजणी, मेतकूट, कोरडे पिठले आणि लसणीची चटणी यांना वजन नाही. कुकरबद्दल आमच्यात अजून दोन पक्ष आहेत.

डिसेंबरात धाकटा आजोळी जाणार आहे. राजगड ठरला आहे. दरवेळी "किती पायऱ्या?" विचारणाऱ्या पोराने या वेळी आजोबांना फोनवर विचारले, "आजोबा, तुमच्याकडे डाइक कुठे दिसतो?" आजोबांनी आठवडाभराची मुदत मागून घेतली आहे. वाचकांपैकी कोणाला ठाऊक असेल तर आम्हाला कळवा. पुढच्या अंकात छापू.